मध्योतक : संशोधनाचा इतिहास

मध्योतक : पानाच्या पात्यात वरची व खालची अपित्वचा (बाह्य संरक्षक थर) यांच्या दरम्यान असलेल्या, मुख्यतः हरितद्रव्ययुक्त मृदूतकाच्या (पातळ आवरणाच्या, साध्या व सजीव कोशिकांच्या समूहाच्या) भागास मध्योतक म्हणतात. शिरांमधील वाहक वृंद (पाणी व अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊतकांचे जुडगे) या भागातूनच पसरलेले असतात. आंबा, एरंड, कापूस यांसारख्या बहुतेक द्विदलिकित वनस्पतींच्या पानांत मध्योतकाचे दोन भाग पडतात. वरच्या अपित्वचेलगत उभट, खांबांप्रमाणे जवळजवळ उभ्या असलेल्या कोशिकांचा एक किंवा अधिक पदरी थर असतो. त्यास स्तंभोतक असे नाव आहे. त्याखाली वेड्यावाकड्या आकाराच्या, हात पसरून एकमेकींस चिकटलेल्या कोशिकांचा विरळ थर असतो. त्यातील मोठ्या हवायुक्त पोकळ्यांमुळे त्यास स्पंजी मृदूतक म्हणतात. गवते व तृणधान्ये यांच्या पानांत मात्र असा भेद सहसा आढळत नाही. प्रकाशसंश्लेषणाचे (प्रकाशाच्या ऊर्जेने कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांपासून कार्बोहायड्रेटे बनविण्याचे) पानातील बहुतेक कार्य मध्योतकातच चालते व मानवासह बहुतेक सर्व प्राण्यांचे अन्न प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे त्यावर अवलंबून असते.

या ऊतकाच्या अभ्यासाचा इतिहास सुमारे साडेतीनशे वर्षांचा आहे. पानाची अंतर्रचना सूक्ष्मदर्शकाखाली दिसली, म्हणजे तिचे कार्यही कळले, असे या इतिहासात क्वचितच घडले. रचनेचे वर्णन आधी झाले, तिच्या प्रयोजनाविषयी तर्क केले गेले आणि त्या तर्कांची शहानिशा होण्यास कित्येकदा अनेक पिढ्या जाव्या लागल्या. याचे सर्वांत बोलके उदाहरण ऊस, मका व ज्वारी यांच्या पानांतील वाहक वृंदांभोवतीच्या हिरव्या कोशिकांच्या कड्याचे होय. त्याविषयीचा प्रश्न १८८४ च्या सुमारास स्पष्टपणे मांडला गेला होता. परंतु उत्तर मिळू लागले ते १९६० नंतर.

प्रारंभीचे सूक्ष्मदर्शन : पानांच्या अंतर्रचनेचा पद्धतशीर अभ्यास इटलीतील मार्चेल्लो मालपीगी (१६२८–९४) व इंग्लंडमधील निहेमाया ग्रू (१६४१–१७१२) या दोन वैद्यांनी जवळजवळ एकाच वेळी केला. दोघांचेही प्रारंभीचे निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १६७१ मध्ये आले. मालपीगींचा ग्रंथ १६७५ व १६७९ मध्ये दोन भागांत आणि ग्रू यांचा विस्तृत ग्रंथ १६८२ मध्ये प्रसिद्ध झाला. पानाचा मांसल भाग पिशव्यांसारख्या सूक्ष्म घटकांचा बनलेला असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात, हे त्यांच्या वर्णनांवरून दिसून आले. रोपाची बीजदले (बीजातील पहिली पाने) काढून टाकल्यास त्याची वाढ खुंटते, असे मालपीगींना आढळले. त्यावरून मुळांनी आणलेला कच्चा रस पानांत सूर्याच्या साहाय्याने पक्व होत असावा, असे अनुमान त्यांनी काढले. वायूंच्या रसायनाचा गंधही नसलेल्या काळातील हे अनुमान विशेष उल्लेखनीय आहे. तथापि पान हवेतून काही घेते ही कल्पना त्यात नव्हती. वनस्पतीचे सर्व पोषण जमिनीतून होते, हीच समजूत त्यानंतरही बराच काळ टिकून राहिली.

वायू व प्रकाश : स्टीव्हन हेल्स (१६७७–१७६१) या इंग्रज धर्मोपदेशकांनी १७२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वनस्पती आपल्या पोषणाचा काही भाग पानांच्या द्वारे हवेतून घेत असाव्यात असे सुचविले. जिनीव्हाचे शार्ल बॉने (१७२०–९३) यांनी पाण्यात बुडविलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे जमतात, परंतु उकळून निवविलेल्या पाण्यात ते जमत नाहीत, असे १७५४ मध्ये नमूद केले. ते बुडबुडे पाण्यातील हवेचेच आहेत, असा अर्थ त्यांनी लावला. निरीक्षण अचूक होते. पण उकळण्याने पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो, हे त्या वेळी माहीत नव्हते.

पुढील पन्नास वर्षांत हे कोडे टप्प्याटप्प्याने उलगडले. जोसेफ प्रीस्टली (१७३३–१८०४) यांनी मेणबत्तीने दूषित झालेली हवा पुदिन्याच्या डहाळीने पुन्हा ज्वलनक्षम होते, असे १७७१ मध्ये दाखविले. यान इंगेनहाउस (१७३०–९९) यांनी १७७९ मध्ये सिद्ध केले की, ही क्रिया फक्त वनस्पतीच्या हिरव्या भागांत व फक्त प्रकाशात घडते. अंधारात पाने उलट हवा दूषित करतात. झां सेनेब्ये (१७४२–१८०९) यांनी १७८२ मध्ये या क्रियेस कार्बन डाय-ऑक्साइड आवश्यक असल्याचे आणि नीकॉला तेओदॉर द सोस्यूर (१७६७–१८४५) यांनी १८०४ मध्ये काटेकोर वजनांच्या आधारे तीत पाण्याचाही अंतर्भाव होत असल्याचे दाखविले. अशा रीतीने क्रियेचा ताळेबंद पूर्ण झाला. परंतु ही क्रिया पानात नेमकी कोठे व कशी घडते, हे मात्र अज्ञातच राहिले. रसायनशास्त्रज्ञांच्या दृष्टीने पान हे एक बंद पात्र होते आणि सूक्ष्मदर्शकाने पाहणाऱ्यांच्या दृष्टीने ती एक कार्यहीन आकृती होती.

हरितकणू व स्टार्च : या दोन दृष्टींची सांगड घालण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न फ्रेंच वनस्पतिवैज्ञानिक आदॉल्फ ब्राँन्यार (१८०१–७६) यांनी १८३० मध्ये केला. पानांचे पातळ छेद घेऊन त्यांनी वरच्या बाजूचा दाट व खालच्या बाजूचा पोकळ्यायुक्त असे थर वर्णिले आणि त्वग्रंध्रे (पानाच्या त्वचेतील सूक्ष्म छिद्रे) या पोकळ्यांतच उघडतात, तेव्हा पोकळ्यांचा हवेच्या देवघेवीशी संबंध असला पाहिजे, असे प्रतिपादन केले. जर्मनीत हूगो फोन मोल (१८०५–७२) यांनी १८३७ मध्ये कोशिकांतील हिरव्या कणांचे सविस्तर वर्णन केले. या कणांना पुढे हरितकणू हे नाव मिळाले. यूलिउस झाक्स (१८३२–९७) यांनी १८६२ ते १८६४ या काळात केलेल्या प्रयोगांनी हरितकणूंत प्रकाशामुळे स्टार्च तयार होतो व पान अंधारात ठेवल्यास तो नाहीसा होतो, हे सिद्ध केले. टेओडोर एंगेलमान (१८४३–१९०९) यांनी १८८२ मध्ये ऑक्सिजनाकडे आकर्षिल्या जाणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा उपयोग करून, एका तंतुमय शैवलाच्या हरितकणूतून ऑक्सिजन बाहेर पडतो आणि तो तांबड्या व निळ्या प्रकाशात सर्वाधिक असतो, असे दाखविले.

हरितकणू हे प्रकाशसंश्लेषणाचे स्थान ठरल्यावर मध्योतकाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ज्या ऊतकात हरितकणू अधिक, ते ऊतक त्या कार्यास अधिक वाहिलेले, हा निकष उपलब्ध झाला.

हाबरलांट यांचे कार्य : या निकषाचा पद्धतशीर उपयोग ऑस्ट्रियन वनस्पतिवैज्ञानिक गोटलीप हाबरलांट (१८५४–१९४५) यांनी केला. वनस्पतीच्या शरीराकडे यंत्राच्या भागांप्रमाणे पाहावे व प्रत्येक ऊतकाचे वर्गीकरण त्याच्या कार्यावरून करावे, ही झिमोन श्वेंडेनर यांची शिकवण त्यांनी स्वीकारली होती. हिरव्या ऊतकांच्या तौलनिक रचनेवरील त्यांचा प्रबंध १८८२ मध्ये व शरीरक्रियेच्या दृष्टीने लिहिलेला वनस्पतींच्या शारीरावरील सुप्रसिद्ध ग्रंथ १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. एरंडाच्या पानातील हरितकणूंची गणना करून त्यांनी दाखविले की, त्यांपैकी सुमारे ८२ टक्के स्तंभोतकात व केवळ १८ टक्के स्पंजी मृदूतकात असतात. यावरून स्तंभोतक हे प्रकाशसंश्लेषणाचे प्रमुख ऊतक व स्पंजी मृदूतक हे मुख्यतः वायुवीजनाचे ऊतक, हे पाठ्यपुस्तकांत रूढ झालेले कार्यविभाजन पुढे आले.

स्तंभोतकाच्या कोशिका उभट का, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर दुहेरी होते. एक तर कोशिका अरुंद व उभ्या असल्याने तेवढ्याच जागेत कोशिकावरणांचे क्षेत्रफळ वाढते व त्यांना लगटून अधिक हरितकणू राहू शकतात. दुसरे असे की, तयार झालेले अन्नद्रव्य कमीत कमी आडव्या भिंती ओलांडून शिरांकडे जावे, अशी ही मांडणी असते. अनेक स्तंभकोशिका खाली एका संग्राहक कोशिकेस जोडलेल्या असतात व ती पुढे शिरेच्या आवरणास मिळते, हे त्यांनी आकृत्यांसह दाखविले.

गवते व लव्हाळे यांची पाने अभ्यासताना त्यांना एक निराळी मांडणी आढळली. काही जातींत प्रत्येक वाहक वृंदाभोवती मोठ्या, ठळक हिरव्या कोशिकांचे एक कडे असते व त्याबाहेर मध्योतकाच्या कोशिका अरीय (केंद्रापासून किरणांप्रमाणे पसरलेल्या) रीतीने दाटीने उभ्या असतात. गवतांतील अशा आवरणाचे वर्णन फ्रान्समधील द्यूव्हाल-झूव्ह यांनी १८७५ मध्ये केले होते. हाबरलांट यांनी या मांडणीस ‘माळ’ वा ‘पुष्पचक्र’ या अर्थाचा ‘क्रान्त्स’ हा जर्मन शब्द वापरला व तो अद्यापि रूढ आहे. कड्यातील व बाहेरच्या हिरव्या कोशिकांमध्ये कार्याची काही वाटणी असावी, पण ती कोणती हे भावी संशोधनाने ठरवावे, अशा आशयाचे त्यांचे मत होते. उपलब्ध साधनांनी याहून पुढे जाणे शक्य नव्हते. ही नोंद पुढे जवळजवळ विस्मृतीत गेली.

प्रकाशाविषयीचा वाद : हाबरलांट यांच्या स्पष्टीकरणास एर्न्स्ट श्टाल (१८४८–१९१९) यांनी १८८३ मध्ये आक्षेप घेतला. बीच वृक्षाची उन्हातील पाने जाड असून त्यांचे स्तंभोतक सुविकसित असते, तर त्याच वृक्षाच्या सावलीतील पानांत ते अल्पविकसित असते, असे त्यांनी दाखविले. तेव्हा मध्योतकाची रचना अन्नवहनापेक्षा प्रकाशाच्या तीव्रतेशी निगडित असली पाहिजे. उभट कोशिका प्रखर उन्हास व पसरट कोशिका मंद प्रकाशास अनुकूल होत, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोघांचीही निरीक्षणे ग्राह्य होती. तथापि पानाच्या आत निरनिराळ्या खोलीवर किती प्रकाश पोहोचतो, हे मोजण्याचे साधन त्या काळी नसल्याने वादाचा निकाल लागू शकला नाही.

तो शंभर वर्षांनंतर काही अंशी लागला. टॉमस व्होगेलमान व त्यांचे सहकारी यांनी १९८५ नंतर अतिसूक्ष्म प्रकाशतंतू पानात खुपसून प्रकाशाचे मापन केले. उभट स्तंभकोशिका सरळ येणारा प्रकाश पानात खोलवर जाऊ देतात, तर स्पंजी मृदूतकातील हवा व कोशिका यांच्या असंख्य सीमांवर तो विखुरला जाऊन पुनःपुन्हा हरितकणूंवर पडतो, असे दिसून आले. जपानमध्ये इचिरो तेराशिमा यांनी दाखविले की, एकाच पानातील वरच्या बाजूचे हरितकणू उन्हातील पानांच्या व खालच्या बाजूचे सावलीतील पानांच्या हरितकणूंप्रमाणे घडलेले असतात. हिरवा प्रकाश वनस्पतींस निरुपयोगी असतो या समजुतीसही त्यामुळे मुरड बसली. तांबडा व निळा प्रकाश वरच्या थरांतच शोषला जातो. हिरवा प्रकाश खालच्या थरांपर्यंत पोहोचतो व प्रखर पांढऱ्या प्रकाशात त्याची भर तांबड्या प्रकाशाच्या भरीपेक्षा अधिक परिणामकारक ठरते, असे तेराशिमा व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखविले. स्पंजी मृदूतक हे केवळ हवेचे कोठार नसून प्रकाशाचा पुरेपूर उपयोग करून घेणारी रचना आहे, हे यावरून स्पष्ट होते.

वायूंचा मार्ग : हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड पानात शिरतो कोठून, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत वादग्रस्त होता. फ्रेडरिक फ्रॉस्ट ब्लॅकमन (१८६६–१९४७) यांनी १८९५ मध्ये पानाच्या दोन्ही पृष्ठांवरील वायुविनिमय वेगवेगळा मोजून तो जवळजवळ संपूर्णपणे त्वग्रंध्रांतूनच होतो, असे सिद्ध केले. सर्व त्वग्रंध्रांची उघडी जागा पानाच्या क्षेत्रफळाच्या अगदी थोड्या टक्क्यांइतकीच असते. एवढ्या अल्प जागेतून पुरेसा वायू कसा शिरतो, याचा उलगडा होरेस ब्राउन व एफ. एस्कोम यांनी १९०० मध्ये केला. सूक्ष्म छिद्रातून होणारे वायूचे विसरण (अधिक संहतीकडून कमी संहतीकडे आपोआप पसरणे) छिद्राच्या क्षेत्रफळाच्या नव्हे, तर व्यासाच्या प्रमाणात असते. म्हणून एका मोठ्या छिद्रापेक्षा तेवढ्याच क्षेत्रफळाची अनेक विखुरलेली सूक्ष्म छिद्रे कितीतरी अधिक कार्यक्षम ठरतात.

पानात शिरलेल्या वायूस पुढे मध्योतकातील पोकळ्यांतून कोशिकांच्या ओल्या आवरणांपर्यंत पोहोचावे लागते. फ्रँकलिन टरेल यांनी १९३६ मध्ये पानांतील या अंतर्गत पृष्ठाचे मापन केले. पानाच्या बाह्य पृष्ठाच्या तुलनेत ते सावलीतील पानांत सुमारे ७ ते १० पट, तर रुक्ष परिस्थितीशी जुळवून घेतलेल्या पानांत सुमारे १७ ते ३१ पट भरले. विशेष म्हणजे विरळ दिसणाऱ्या स्पंजी मृदूतकापेक्षा दाट दिसणाऱ्या स्तंभोतकाचेच अंतर्गत पृष्ठ अधिक असल्याचे आढळले. स्पंजी भाग म्हणजे वायुवीजन व स्तंभोतक म्हणजे अन्ननिर्मिती ही ढोबळ विभागणी अपुरी असल्याचे हे पहिले संख्यात्मक गमक होय.

कार्बन डाय-ऑक्साइडाचे विसरण हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. त्यामुळे कोशिकावरणापासून हरितकणूपर्यंतचे अत्यल्प अंतरही मोठा अडथळा ठरते. या अंतर्गत रोधाचे गणित नेदर्लंड्समधील पी. गास्ट्रा यांनी १९५९ मध्ये मांडले. कार्बनाच्या स्थिर समस्थानिकांच्या (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेल्या प्रकारांच्या) साहाय्याने ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९८६ मध्ये त्याचे अधिक विश्वसनीय मापन केले. हरितकणू मध्योतक कोशिकेच्या मध्यभागी न राहता पोकळीकडील आवरणास लगटून का असतात, याचे कारण त्यामुळे समजले. पोकळ्या कशा निर्माण होतात, यासंबंधी गव्हावर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, त्यांचा विकास केवळ त्वग्रंध्राच्या अस्तित्वावर नव्हे, तर ते कार्यक्षम असण्यावर अवलंबून असतो.

कार्बनाचे दोन मार्ग : किरणोत्सर्गी कार्बन (१४) १९४० मध्ये उपलब्ध झाल्यावर प्रकाशसंश्लेषणातील रासायनिक टप्प्यांचा मागोवा घेणे शक्य झाले. मेल्व्हिन कॅल्व्हिन (१९११–९७), अँड्र्यू बेन्सन व जेम्स बॅशॅम यांनी अमेरिकेतील बर्कली येथे मुख्यतः एककोशिक शैवलांवर प्रयोग करून, कार्बन डाय-ऑक्साइडापासून प्रथम तीन कार्बन अणूंचे एक अम्ल बनते व पुढे चक्राकार विक्रियांनी शर्करा तयार होते, असे दाखविले. या कार्याबद्दल कॅल्व्हिन यांना १९६१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सर्व हिरव्या वनस्पतींत हाच मार्ग असणार, असे गृहीत धरले गेले. शैवलाच्या एका कोशिकेस अर्थातच मध्योतक नसते. त्यामुळे पानाची रचना या चित्रातून काही काळ वगळली गेली.

ती परत आली ती उसामुळे. हवाई बेटांवरील ऊस बागाईतदारांच्या प्रयोगशाळेत ह्यूगो कोर्टशाक, कॉन्स्टन्स हार्ट व जॉर्ज बर यांना असे आढळले की, उसाच्या पानात किरणोत्सर्गी कार्बन सर्वप्रथम चार कार्बन अणूंच्या मॅलिक व ॲस्पार्टिक अम्लांत दिसतो. हे निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. मक्याविषयी असेच निरीक्षण सोव्हिएट संघातील यूरी कार्पिलोव्ह यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केले होते. परंतु इतर देशांत त्याची फारशी दखल घेतली गेली नव्हती. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथील एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत मार्शल हॅच व रॉजर स्लॅक यांनी १९६६ मध्ये हा मार्ग विक्रियाक्रमासह स्पष्ट केला. यास चतुष्कार्बनी मार्ग व पूर्वीच्यास त्रिकार्बनी मार्ग म्हणतात.

चतुष्कार्बनी मार्गाच्या जवळजवळ सर्व वनस्पतींत हाबरलांट यांनी वर्णिलेले कडे आढळते, हे लवकरच लक्षात आले. मार्कस र्‍होड्स व आल्सीदीस कार्व्हाल्यो यांनी १९४४ मध्येच मक्याच्या पानात स्टार्च मुख्यतः कड्याच्या कोशिकांत साठतो, असे नमूद केले होते. पण ते कडे साठवणीचे ऊतक समजले गेले. आता या रचनेचा खरा अर्थ लागला. बाहेरील मध्योतक कोशिकांत कार्बन डाय-ऑक्साइड चार कार्बनी अम्लांत बद्ध होतो. ती अम्ले कड्याच्या कोशिकांत जातात, तेथे त्यांतून तो पुन्हा मुक्त होतो आणि त्रिकार्बनी चक्रात प्रवेश करतो. प्रारंभी या चित्रात एक विसंगती होती : त्रिकार्बनी चक्राचे प्रमुख एंझाइम रुबिस्को (कार्बन डाय-ऑक्साइड बद्ध करणारे प्रथिन) या पानांत फारच थोडे मिळत असे. ओले ब्यर्कमान व गाउल यांनी १९६९ मध्ये त्याचे कारण दाखविले. कड्याच्या कोशिकांची आवरणे जाड असल्याने त्या साध्या कुटण्याने फुटत नसत. त्या पूर्णपणे फोडल्यावर एंझाइम पुरेशा प्रमाणात आढळले. पानाच्या रचनेकडे दुर्लक्ष केल्याने रसायनातही कशी चूक होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

या द्विस्तरीय व्यवस्थेचे प्रयोजनही पुढे स्पष्ट झाले. रुबिस्को कार्बन डाय-ऑक्साइडाऐवजी ऑक्सिजनाशीही संयोग पावते, हे १९७१ मध्ये सिद्ध झाले. तसे झाल्यास बद्ध झालेल्या कार्बनाचा काही भाग वाया जातो व उष्णतेबरोबर हा तोटा वाढतो. मध्योतक कोशिका पंपाप्रमाणे कार्बन डाय-ऑक्साइड कड्याच्या कोशिकांत कोंबतात व त्यामुळे हा तोटा टळतो. त्वग्रंध्रे कमी उघडी ठेवूनही काम भागत असल्याने पाण्याचीही बचत होते. फुलझाडांच्या सुमारे तीन टक्के जातींतच हा मार्ग आहे. परंतु जमिनीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्या करतात. उत्क्रांतीत हा मार्ग साठांहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवला आहे.

बोस यांचे निरीक्षण व काही अपवाद : भारतात जगदीशचंद्र बोस (१८५८–१९३७) यांनी पाण्यात बुडून वाढणाऱ्या हायड्रिला या वनस्पतीवर स्वतः बनविलेल्या उपकरणांनी प्रयोग करून प्रकाशसंश्लेषणावरील ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. उन्हाळ्यातील हायड्रिला हिवाळ्यातील वनस्पतीहून निराळ्या रीतीने वागते व तिच्यात मॅलिक अम्ल आढळते, असे त्यांनी नोंदविले. या नोंदीचे महत्त्व चतुष्कार्बनी मार्ग ज्ञात झाल्यावरच कळले. हायड्रिलाचे पान मध्यशीर वगळता दोनच कोशिका जाड असते. त्यात खरे मध्योतक नाही व कडेही नाही. तरीही उष्ण व कार्बन डाय-ऑक्साइडाची उणीव असलेल्या पाण्यात ती एकाच कोशिकेत चतुष्कार्बनी मार्ग चालविते. मध्य आशियातील एका खाऱ्या जमिनीतील वनस्पतीतही दोन्ही टप्पे एकाच कोशिकेच्या दोन टोकांस घडतात, असे २००१ मध्ये आढळून आले. तेव्हा कडे ही या मार्गाची बहुतेकांनी स्वीकारलेली, पण एकमेव नव्हे, अशी व्यवस्था होय.

विलग कोशिकांचे संवर्धन : हाबरलांट यांनी मध्योतकाविषयी आणखी एक प्रश्न मागे ठेवला होता. पानातून सुटी केलेली हिरवी कोशिका पोषक द्रवात स्वतंत्रपणे वाढू शकेल काय, हे पाहण्याचा प्रयत्न त्यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केला. कोशिका काही आठवडे जगल्या, आकारानेही वाढल्या. परंतु विभागल्या नाहीत. पुढे वृद्धिनियंत्रक द्रव्यांचा शोध लागल्यावर ऊतकसंवर्धनाचे तंत्र विकसित झाले. इताऱु ताकेबे, गुडरून लाबीब व गेओर्ख मेल्खर्स यांनी १९७१ मध्ये तंबाखूच्या मध्योतकातील प्राकलांपासून (आवरण काढून टाकलेल्या सजीव कोशिकांपासून) संपूर्ण वनस्पती वाढविल्या. झिनियाच्या मध्योतक कोशिका संवर्धनात थेट जलवाहक घटकांत रूपांतरित होतात, हे हिरू फुकुदा व आत्सुशी कोमामिने यांनी १९८० मध्ये दाखविले. प्रकाशसंश्लेषणास वाहिलेल्या या कोशिका आपली इतर सामर्थ्ये गमावून बसलेल्या नसतात, हे या प्रयोगांवरून सिद्ध झाले.

पिके व आर्थिक महत्त्व : या संशोधनाचा महाराष्ट्राच्या शेतीशी निकटचा संबंध आहे. ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, राळा व ऊस ही चतुष्कार्बनी पिके आहेत. भात, गहू, हरभरा, तूर, भुईमूग, सोयाबीन व कापूस ही त्रिकार्बनी आहेत. पालेभाज्यांपैकी माठ व राजगिरा पहिल्या गटात पडतात. घोळ ही भाजीही त्याच गटातील असून पाण्याचा ताण पडल्यास ती रात्री कार्बन डाय-ऑक्साइड साठविण्याच्या तिसऱ्या पद्धतीचाही अवलंब करते. अवर्षणप्रवण पठारावर ज्वारी-बाजरी तग धरतात, त्यामागील अनेक कारणांपैकी त्यांच्या पानांची ही रचना एक होय. उसाच्या पानाची पाण्याच्या प्रत्येक थेंबामागील उत्पादकता चांगली असली, तरी ते पीक दीर्घ मुदतीचे व पालेदार असल्याने त्याची एकूण पाण्याची गरज मोठी असते. या दोन गोष्टींत गल्लत करू नये. हरळी व लव्हाळा हे शेतकऱ्यांचे चिवट शत्रूही चतुष्कार्बनीच असून भातासारख्या त्रिकार्बनी पिकात उष्ण हवामानात ते त्याचा लाभ घेतात.

भातात चतुष्कार्बनी मार्ग आणता आल्यास उत्पादन वाढेल व पाण्याची बचत होईल, या अपेक्षेने फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २००८ मध्ये एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. त्यातील मुख्य अडचण केवळ रासायनिक नाही. उसाच्या किंवा मक्याच्या पानात शेजारच्या दोन शिरांच्या कड्यांमध्ये सहसा दोनच मध्योतक कोशिका असतात; भातात त्यांची संख्या पुष्कळ अधिक असते आणि कड्याच्या कोशिकांत हरितकणू थोडे असतात. मक्यातील एका जनुकाच्या साहाय्याने भाताच्या कड्याच्या कोशिकांतील हरितकणूंचा विकास वाढविण्यात २०१७ मध्ये यश आले. परंतु शिरांमधील अंतर कमी करणे व दोन्ही प्रकारच्या कोशिकांत कार्याची पूर्ण वाटणी घडवून आणणे, हे उद्दिष्ट अद्याप साध्य झालेले नाही. भाताच्या मध्योतक कोशिका खाचदार असून त्यांच्या जवळजवळ सर्व परिघावर हरितकणूंचे अस्तर असते. वाया जाऊ पाहणारा कार्बन डाय-ऑक्साइड त्यामुळे काही प्रमाणात पुन्हा पकडला जातो, असे मानतात. म्हणजेच त्रिकार्बनी पानाची रचनाही सदोष वा प्राथमिक नसून तिच्या परिस्थितीशी सुसंगत आहे.

कड्याच्या कोशिकांचे कार्य समजण्यास आठ दशके लागली, याचे कारण निरीक्षणाचा अभाव हे नव्हते. वर्णन करणारे व विक्रियांचे मापन करणारे संशोधक परस्परांपासून दूर होते. त्यांना जोडणारे साधन किरणोत्सर्गी कार्बनाच्या रूपाने उशिरा हाती आले. मध्योतकाचा इतिहास जुन्या आकृत्या व टिपणे पुन्हा तपासण्याचे महत्त्व पटवितो. हाबरलांट यांनी अनिर्णित ठेवलेला कार्यविभागणीचा प्रश्न आता वनस्पतिविज्ञानापुरता उरलेला नाही. धान्योत्पादन व पाणी यांच्या नियोजनाशी तो निगडित झाला आहे.